त्रास नाही

लिफ्टचं दार मिटता मिटता एक माणूस अंग चोरून आत शिरला आणि बाईंना म्हणाला, "चौथा दाबता का जरा? माझा हात वर जात नाही." बाईंनी चौथा दाबला. माणूस पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग. चौथा मजला आला, त्याने मान हलवून आभार मानले आणि तो गेला. चौथ्यावर हाडांच्या डॉक्टरांच्या खोल्या होत्या. दिवसाकाठी असे दहा-वीस धरलेले खांदे त्या मजल्यावर येत-जात असत, त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. सहावा मजला आला. दार उघडलं. समोर बाईंच्या प्रयोगशाळेची काच, काचेमागे पांढरे कोट. बाई उतरल्या नाहीत. दार आपोआप मिटलं, लिफ्ट कुणाच्या तरी बोलावण्यावरून तळाला गेली, तिथे पाच-सहा जण आत आले, एकाने विचारलं, "बाई, उतरायचं नाही का?" तेव्हा त्या भानावर आल्या आणि "राहिलं काहीतरी" असं पुटपुटत पुन्हा वर आल्या. त्या माणसाचा भांग कोण पाडत असेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

खरं तर आजचा दिवस असलं काही डोक्यात घेण्याचा नव्हता. दुपारी चार वाजता खालच्या सभागृहात बाईंचं निरोपाचं व्याख्यान होतं. चौतीस वर्षं एकाच संस्थेत, एकाच मजल्यावर, एकाच रेणूच्या मागे. सगळी संस्था त्यांना पाठीमागे कात्रीबाई म्हणे, अलीकडे तोंडावरही. नाव त्यांनीच ओढवून घेतलेलं. तुम्ही नेमकं करता तरी काय, असं कुणीही विचारलं की त्या उजव्या हाताच्या दोन बोटांची कात्री करून दाखवत. शरीर म्हणजे कापड आहे, त्या सांगत. तीन पदरी दोऱ्याने विणलेलं. जुना दोरा कापल्याशिवाय नवा घालता येत नाही, म्हणून शरीर स्वतःच्या कात्र्या बाळगतं. त्यांना आम्ही विकरं म्हणतो. कात्री बेताने चालली तर जखम भरते, हाड जुळतं. ती उधळली की सांध्यातली कूर्चा कातरली जाते, मग बोटं वाकतात, गुडघे जातात. आणि कर्करोगाच्या पेशी तर ही कात्री चोरतातच. तिने कापडाला भोक पाडून बाहेर पडतात आणि जिथे जायचं नाही तिथे जाऊन बसतात. आजार दोन, कात्री एकच. ऐकणारे खूश होत. बाईही खूश होत. दुसऱ्याला समजावून सांगता आलं की आपल्याला समजलंय असं वाटायला लागतं, ही त्यातली गोम, आणि ती ध्यानात यायला फार उशीर झाला होता.

खोलीतली खोकी बांधून झाली होती. टेबलावर फक्त संगणक आणि विद्यार्थ्यांनी हौसेने करवून आणलेली, हातभर लांबीची लाकडी कात्री. ती कुठल्याच खोक्यात मावेना. बाईंनी व्याख्यानाची चित्रं शेवटची म्हणून चाळायला घेतली आणि सतराव्या चित्रापाशी थांबल्या. साधा तक्ता होता. पहिल्या तुकडीतले रुग्ण चोवीस. मळमळ, तीन. थकवा, पाच. सांधे धरणे, हात वर न जाणे, आठ. हा तक्ता त्यांनी आजवर शंभर वेळा तरी दाखवला असेल. दाखवताना त्यांचा आवाज किंचित खाली येई, कारण ही त्यांच्या औषधाच्या अपयशाची गोष्ट होती आणि अपयश सांगताना आवाज खाली आणला की सभागृह आपल्या बाजूला येतं. आठ. आज तो आकडा पडद्यावर नुसता बसून होता आणि बाई त्याच्याकडे, कुणी आपल्याला ओळख दाखवावी पण नाव आठवू नये, तशा बघत राहिल्या.

औषधाचं घरातलं नाव बत्तीस नंबर. आधीचे एकतीस जमले नव्हते, बत्तिसावा जमला. कात्रीची पाती जिथे मिळतात तिथे जस्ताचा एक कण असतो. बत्तीस नंबर नेमका त्या कणावर जाऊन बसे आणि पाती उघडीच्या उघडी राहत. पहिल्यांदा ते काचेत घडताना पाहिलं तेव्हा बाई पस्तिशीच्या होत्या आणि त्यांनी सगळ्यात आधी फोन केला होता तो ताईला. कारण कात्रीचं वेड लागलं तेच ताईच्या हातांमुळे. ताई भूमापन कचेरीत नकाशे काढायची. केसाएवढी नदी, नदीहून बारीक पायवाट, पायवाटेच्या कडेला टोकदार टाकाने टिंब टिंब झाडी. एकोणतिसाव्या वर्षी तिची बोटं सुजली. चाळिशीपर्यंत चारही बोटं करंगळीच्या अंगाला झुकली आणि तशीच राहिली. कचेरीने तिला आवक-जावक पाहायला बसवलं. ताई कधी रडली-बिडली नाही, फक्त तिने आपले टाक एका डब्यात घालून तो धाकटीकडे दिला, "तुला काचेवर काही लिहायला होतील," म्हणून. फोनवर बाई ओरडल्या होत्या, "ताई, थांबली! कात्री थांबली!" आणि ताईने विचारलं होतं, "कुणाची?" काचेतली, असं सांगताना बाईंचा आवाज जरा उतरला होता.

पण संधिवाताची माणसं चाळीस-चाळीस वर्षं जगतात. त्यांच्यावर औषध तपासायचं तर निकाल हाती यायला अर्धं आयुष्य जातं. कर्करोगाच्या, त्यातही शेवटच्या टप्प्यातल्या माणसांचं तसं नसतं. निकाल वर्षाच्या आत लागतो आणि माणसं कशालाही हो म्हणतात. हे असं कुणी उघड बोललं नाही. बैठकीत सगळे चांगल्या शब्दांत बोलले, बाईही बोलल्या. औषध ताईच्या आजाराकडून वळून दुसरीकडे निघालं आणि वर्षभरात, कुणी मुद्दाम रचल्यासारखं, भावोजींनाच तो दुसरा आजार निघाला. फुप्फुसात, आणि तिथून बाहेर पडलेला.

भावोजी एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडून तांबड्या शाईने समासात मांडत आलेले, ताडमाड उंच, सावकाश बोलणारे. "आमच्या घरात एक डॉक्टर आहे, पण ती तपासत नाही," हा त्यांचा ठरलेला विनोद. बाईंनी संमतीपत्र समोर ठेवलं तेव्हा त्यांनी आधी खिशातून तांबडं पेन काढलं. तीन चुका काढल्या, मग सही केली. "मरणाच्या कागदावर तरी शुद्धलेखन बरं असावं," म्हणाले, आणि ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की तिघांनाही एकदम हसू फुटलं. मग रोज चार गोळ्या, आणि एक वही. वहीत रोज लिहायचं: मळमळ आहे की नाही, थकवा आहे की नाही, सांधे दुखतात का, हात वर जातो का. चौऱ्याऐंशी दिवस. भावोजींची वही साऱ्या तुकडीत देखणी होती. एका रेषेत, छापल्यासारखं, खालपर्यंत: त्रास नाही. त्रास नाही. त्रास नाही.

आणि तो रविवार. बाईंनी आज सकाळपासून त्याला मागच्या मागे ढकलत ठेवलं होतं. दुपारची वेळ, ताईच्या घरची पुढची खोली, भिंतभर पुस्तकं. भावोजी खुर्चीत. काढलेल्या तीन चुकांपैकी एकीवर वाद निघाला होता: कूर्चा या शब्दातला उकार ऱ्हस्व की दीर्घ. बाई म्हणत होत्या, आम्ही रोज लिहितो, ऱ्हस्वच. भावोजी म्हणत होते, रोज लिहिता म्हणून रोज चुकता. शब्दकोश सगळ्यात वरच्या फळीवर. असा वाद निघाला की भावोजी वाक्य संपायच्या आत उठून, टाचा न उचलता, कोश काढून समोर आपटायचे. त्या दिवशी ते उठले नाहीत. म्हणाले, "तूच काढ ना. तुझा हात लांब आहे." बाई त्यांच्याहून वीतभर बुटक्या. त्या हसल्या, स्टूल ओढलं, चढल्या, कोश काढला. दीर्घ निघाला. भावोजी जिंकले. मंगळवारी देखरेख समितीची बैठक होती. नियम असा होता की एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांचे सांधे धरले तर औषधाची मात्रा निम्मी करायची. चोवीस जणांत आठ म्हणजे बरोबर एक तृतीयांश. अधिक नव्हे. मात्रा तशीच राहिली आणि पुढच्या टप्प्यात तीच मात्रा आणखी एकशे साठ माणसांना दिली गेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचे खांदे धरले. कात्री सगळीकडचीच थांबवली की स्नायूंच्या दोऱ्यांची रोजची डागडुजीही थांबते, हे तेव्हा कुणाला नीट माहीत नव्हतं. गाठी तर कुणाच्याच आटल्या नाहीत. औषध बंद झालं. भावोजी त्याच्या आधीच गेले होते.

ताई दोन वाजता आली. टॅक्सीने एकटी, ठेवणीतली साडी नेसून. खोक्यांमधून वाट काढत येऊन बसली. बाईंनी पाणी दिलं; तिने पेला दोन्ही तळव्यांत धरून उचलला, बोटं कामाची नव्हतीच. "किती पसारा गं," म्हणाली, "आणि ही कात्री कुणाच्या गळ्यात मारणार आहेस?" बाईंना उत्तर द्यायचं होतं. त्याऐवजी त्या म्हणाल्या, "ताई, औषध चालू असताना भावोजींचा हात वर जात होता का?"

ताईने पेला खाली ठेवला. "आज काय हे?"

"जात होता का?"

"नाही."

"कुठल्या आठवड्यापासून?"

ताई हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "बघ. आठवडा विचारलास." मग खिडकीकडे तोंड करून, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात ती बोलत गेली. पाचव्या आठवड्यापासून. आधी डावा, मग दोन्ही. भांग ती पाडायची. शर्टाची बटणं ती लावायची, या असल्या बोटांनी, एकेका बटणाला पाच-पाच मिनिटं. सुरुवातीला दोघं हसायचे. हे म्हणायचे, आपण दोघं मिळून आता कुठे एक माणूस पुरा होतो. मग हसणं बंद झालं. आडवं होता येईना, बसून झोपायचे. आणि वही आली की एका हाताने दुसरा हात उचलून टेबलावर ठेवायचे, पेन धरायचे, आणि लिहायचे.

"त्रास नाही," बाई म्हणाल्या.

"त्रास नाही. मी म्हटलं एकदा, अहो खरं लिहा. जन्मभर दुसऱ्याची वेलांटी सोडली नाहीत. तर म्हणाले, नववा मी व्हायचा नाही."

बाईंनी तिला तिथेच थांबवलं. "नववा? आठ झालेत हे त्यांना कुणी सांगितलं?"

"तू."

"मी नाही. मी असं कशाला सांगेन? ते रुग्णांना सांगायचंच नसतं."

"तू सांगितलंस. रविवारी. चहाचा कप हातात होता तुझ्या. 'आठ झालेत,' म्हणालीस, 'नववा निघाला की मात्रा निम्मी करावी लागेल, आणि निम्म्या मात्रेत काही सिद्ध होत नाही. सगळं मुसळ केरात.' मी आतून ऐकलं. हे काही बोलले नाहीत. तुझ्या कपात साखर कमी आहे का विचारलं फक्त."

हे वाक्य बाईंना आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होता, पण दुसरीकडचा. दवाखान्याच्या बोळकांडीत, चाचणीच्या उंच डॉक्टरांशी बोलताना त्या असं म्हणाल्या होत्या. डॉक्टरांच्या कोटाच्या खिशातून बाहेर आलेली नळी, बोळकांडीतला ओल्या फरशीचा वास, सगळं जागच्या जागी होतं. डॉक्टर आता हयात नव्हते. आणि ताई बोलत होती तसतसा बोळकांडीच्या मागून एक कप वर येत होता, निळ्या काठाचा, काठाला बारीक टवका गेलेला. तो खरंच त्या रविवारचा कप होता, की ताईने चहा म्हटल्याबरोबर मनाने घाईघाईने आणून ठेवलेला? जन्मभर त्यांनी विद्यार्थ्यांना बजावलं होतं, जे पाहिलं ते त्याच क्षणी टिपा, दुसऱ्या दिवशी तुम्ही जे आठवाल ते तुम्हाला हवं असलेलं असेल. त्या रविवारचं टिपण कुठेच नव्हतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं एवढंच होतं: आधी काय झालं? कोश आधी, की चहा आधी? चहा आधी झाला असेल, तर त्या अनवधानाने बोलून गेल्या आणि भावोजींनी नंतर, त्यांच्यासाठी, हात लपवला. पण कोश आधी काढला असेल, तर त्या स्टुलावर चढल्या होत्या, हा ताडमाड माणूस खुर्चीतून उठला नाही हे त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यानंतर, कप हातात घेऊन, त्या म्हणाल्या होत्या, नववा निघाला तर.

"ताई, कोश मी चहाच्या आधी काढला की नंतर?"

"कसला कोश?"

ताई त्या वेळी आत होती. तिला कोशाचं काही माहीतच नव्हतं. खोलीत दोघंच होते, त्यांतला एक गेला होता, आणि उरलेली ही अशी.

"तू सहज बोललीस, की सांगायला म्हणून आली होतीस," ताई म्हणाली, "हे मी बावीस वर्षं ठरवतेय. कधी असं वाटतं, कधी तसं. तुला तरी माहीत आहे का?"

बाईंनी नाही म्हणावं तरी ते खोटं होण्याची शक्यता होती, हो म्हणावं तरी तेच.

"जाऊ दे," ताई उठत म्हणाली. "कुणापाशी बोलू नकोस मात्र. जाताना यांनी माझ्याकडून तेवढंच वचन घेतलं होतं. आज तू इतकं सरळ विचारलंस म्हणून गेलं तोंडातून."

चार वाजता सभागृह भरलेलं होतं. सभागृहाचे दिवे आणि आवाज सांभाळणारी एक बाई होती, पंचेचाळिशीची, करड्या गणवेशातली; तिने बाईंच्या कॉलरला छोटा माईक लावला, "जरा बोला," म्हणाली, बाई "एक, दोन, तीन" म्हणाल्या, तिने अंगठा वर केला. संचालकांनी ओळख करून दिली. कात्रीचा विनोद झाला, हशा झाला. ताई तिसऱ्या रांगेत कडेला, हात पदराखाली. बाई बोलत होत्या, आणि बोलणं इतकं पाठ होतं की त्यांचं त्यांना ते बाहेरून ऐकू येत होतं, एखाद्या हुशार, थोड्या लाडावलेल्या बाईचं असावं तसं. सतरावं चित्र आलं. नेहमीप्रमाणे आवाज खाली आला. आणि तिथे, आवाज खाली आणल्याबरोबर सभागृह जसं पुढे झुकलं ते पाहून, त्यांना स्वतःची इतकी किळस आली की पुढचं वाक्य आलंच नाही.

"हा आकडा चुकीचा आहे," त्या म्हणाल्या. "आठ नाही. नऊ."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नववे रुग्ण माझे भावोजी होते. त्यांनी वहीत खोटं लिहिलं. मला ते दिसलं होतं, किंवा दिसायला हवं होतं; यातलं कुठलं खरं हे मी आज सांगू शकत नाही. नऊ धरले असते तर नियमाप्रमाणे मात्रा निम्मी झाली असती. औषधाचा उपयोग झाला नसता तो नसताच झाला. पण पुढच्या एकशे साठांतल्या कितीतरी माणसांना शेवटच्या दिवसांत आपले हात वापरता आले असते. एवढंच सांगून त्या थांबल्या. तिसऱ्या रांगेकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

मग संचालक उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मागोमाग सगळं सभागृह उठलं. बाईंना आधी कळेचना की हे काय चाललंय. कळलं तेव्हा त्यांनी हात हलवून थांबा, थांबा म्हटलं, ते विनयाचं वाटलं, टाळ्या वाढल्या. "विज्ञानातला प्रामाणिकपणा म्हणजे काय, हे आज आपण प्रत्यक्ष पाहिलं," संचालक म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. प्रश्नोत्तरांत एक तरुण संशोधक भाबडेपणाने म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेताय. आकडेवारीच्या दृष्टीने आठ आणि नऊ यांत काही अर्थपूर्ण फरक नाही." तो त्यांची समजूत घालत होता. ज्या शोधपत्रिकेत हा आठ छापला होता तिला रीतसर दुरुस्ती पाठवणार का, असं मात्र कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. बाई भेटायला आलेल्यांना बाजूला सारत बाहेर आल्या तेव्हा ताई फाटकापाशी टॅक्सीसमोर उभी होती. टॅक्सीच्या दाराची कडी तिच्या बोटांना उघडत नव्हती. बाईंनी पुढे होऊन हात घातला.

"राहू दे," ताई म्हणाली. "तो उघडेल." टॅक्सीवाला उतरून वळसा घालून येत होता.

"ताई, मला खोटं पुढे चालवायचं नव्हतं."

"तुला मोकळं व्हायचं होतं. झालीस." ती आत बसली, पदर आवरून घेतला. "सात-आठ आठवडे सोसलं गं त्यांनी. कशासाठी, तर तुला उभं राहून टाळ्या मिळाव्यात म्हणून. आणि मिळाल्या की." टॅक्सीवाल्याने दार लावलं. ताईने काच खाली घेतली नाही. तिला ती घेता येतच नव्हती, की तिला घ्यायची नव्हती, हे बाईंना बाहेरून समजणं शक्य नव्हतं.

बागेत सगळ्यांचा मिळून फोटो काढायचा होता. बाई चष्मा आत राहिला असं सांगून परत सभागृहात गेल्या. खुर्च्या रिकाम्या होत्या. व्यासपीठावर ती करड्या गणवेशातली बाई वायरी गुंडाळत होती. तिने त्यांना पाहिलं आणि म्हणाली, "माईक तुमच्याकडेच राहिला." बाईंनी कॉलरला हात लावला. खरंच राहिला होता. म्हणजे फाटकापाशीचं बोलणं—

"बंद केला होता मी," ती म्हणाली, जणू तिने विचार ऐकला. जवळ येऊन ती माईकची चिमटी सोडवू लागली. चिमटी सुटेना.

"माझी आई होती त्यात," ती म्हणाली. "नंतरच्या एकशे साठांत. इथेच, मागच्या इमारतीत यायचो आम्ही गोळ्या न्यायला. नंतर मला इथे नोकरी लागली."

बाईंच्या मानेपाशी त्या बाईचा श्वास लागत होता.

"हात वर जात नाही म्हणायची. मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, काहींना होतं थोडंफार, बहुतेकांना होत नाही, आधी चोवीस जणांवर तपासलंय, समितीने पाहून मंजूर केलंय. मला वाटलं, नाटक करतेय. आजारी माणूस करतं ना, आपल्याकडे लक्ष द्यावं म्हणून." चिमटी सुटली. माईक तिने मुठीत धरून ठेवला. "अंघोळ घालताना एकदा मी चिडले. म्हटलं, काही होत नाही तुला, कर हात वर. आणि धरून केला वर. ती ओरडली. मी म्हटलं, ओरडू नकोस, शेजारी ऐकतील." 

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "मॅडम, सगळे थांबलेत!"

"म्हणजे ती नाटक करत नव्हती," ती म्हणाली. हा प्रश्न होता की नव्हता, ते तिच्या स्वरावरून कळेना.

"नव्हत्या करत."

तिने मान हलवली. मग पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसली आणि बाईंकडे पाहून विचारलं, "किती दुखत असेल हो?"

ती कात्री एका मिनिटाला किती दोरे कापते, किती तापमानाला थांबते, थांबवल्यावर खांद्याच्या दोऱ्यांना किती दिवसांत पीळ बसतो, हे बाईंना दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत माहीत होतं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं," ती बाई म्हणाली.